अस्वलाला नक्की काय हवं: मांस की चरबी? (पिंजऱ्यातलं आणि जंगलातलं खाणं)

निमूट

मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न छळतोय. इथे प्राण्यांत रस असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतो.

ध्रुवीय अस्वलाने सील मारला की ते आधी कातडीखालची चरबी खातं. शिकार मुबलक असेल तर लाल मांस तसंच टाकून निघून जातं, मग त्यावर आर्क्टिक कोल्हे आणि नवखी, लहान अस्वलं ताव मारतात. हे अनेक अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. आणि प्राणिसंग्रहालयात त्याच जातीच्या अस्वलाला काय मिळतं? बरेचदा बिनचरबीचं लाल मांस आणि मासे. का, तर पाटीवर 'मांसाहारी' लिहिलेलं असतं.

माझं मत असं की आपण अस्वलाला मोठ्ठा कुत्रा समजून खायला घालतोय. जंगलातलं अस्वल चरबीच्या मागे लागतं ते नुसते चोचले, की शरीराचीच तशी मागणी? आणि मागणी असेल तर पिंजऱ्यातल्या अस्वलाचं बिनचरबीच्या मांसाने नुकसान होतं का? जाणकारांनी लिहावं.

अनाकलनीय

चरबी खाऊन मांस टाकून देणारा प्राणी. म्हणजे आमच्या डाएटिशियनच्या बरोब्बर उलटा.

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

जिमवाला_जग्गू

पटत नाही. प्रोटीनशिवाय स्नायू कसे होणार? एवढं ताकदवान जनावर प्रोटीन नको म्हणेल हे शक्यच नाही. मांस टाकलं असेल तर पोट भरलं म्हणून टाकलं असेल.

सागरगोटा

@जग्गू, पोट भरलं म्हणून टाकलं असतं तर चरबीही उरली असती ना? क्रम बघा. आधी चरबी, मग जमलं तर मांस. उपाशी अस्वल सगळंच खातं, त्यात वाद नाही.

निमूट, चोचले नाहीत, मागणीच आहे. यावर सगळ्यात जास्त काम अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत झालंय. पुलमन इथे त्यांचं अस्वलांचं संशोधन केंद्र १९८६ पासून आहे आणि चार्ल्स रॉबिन्स हे तिथले जुने जाणते संशोधक. त्यांनी केलं काय, तर ग्रिझ्लींना (उत्तर अमेरिकेतली तपकिरी अस्वलं) ठरलेलं मिश्रण न देता प्रथिनाचा, चरबीचा आणि पिठूळ-गोड असे पदार्थ सुटे ठेवले, हवे तेवढे. काय आणि किती खायचं हे अस्वलाने ठरवायचं. अस्वलांनी स्वतःहून जे ताट जमवलं त्यात एकूण ऊर्जेपैकी साधारण १७ टक्के ऊर्जा प्रथिनांतून आली. आणि त्याच प्रमाणाच्या आसपास त्यांचं वजन सगळ्यात भराभर वाढलं.

आता तुलना करा. असेच सुटे पदार्थ ठेवून केलेल्या प्रयोगांत पाळीव मांजरांनी जमवलेलं प्रमाण साधारण ५२ टक्के आणि कुत्र्यांचं ३० टक्के. म्हणजे अस्वल मांजराच्या तर सोडाच, कुत्र्याच्याही बरंच खाली आहे. 'मोठ्ठा कुत्रा' ही तुमची तक्रार आकड्यांतही खरी ठरते.

मृद्गंधा

वाचतेय. पण १७ टक्के म्हणजे ताटात दिसायला कसं दिसेल? वजनाच्या १७ टक्के मांस?

गणित्या

नाही हो, ऊर्जेच्या १७ टक्के. वजन आणि ऊर्जा यांची गल्लत झाली की सगळं बिघडतं. ढोबळ हिशोब करून दाखवतो.

बिनचरबीचं मांस १०० ग्रॅम घ्या. प्रथिनं २० ग्रॅम, चरबी ५ ग्रॅम, बाकी मुख्यतः पाणी. प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी धरली तर ८०, चरबी ग्रॅमला ९ धरली तर ४५. एकूण १२५, त्यातल्या ८० प्रथिनांच्या. म्हणजे ६४ टक्के! अस्वलाच्या आवडीच्या जवळजवळ चौपट.

आता ते १७ वर आणायचं तर त्या ८० कॅलरी एकूण ४७० च्या ताटात बसायला हव्यात. म्हणजे आणखी ३४५ कॅलरी प्रथिनाशिवायच्या, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅम शुद्ध चरबी. १०० ग्रॅम मांसाला ३८ ग्रॅम चरबी.

ध्रुवीय अस्वल सीलची चरबी ओरपून लाल मांस का टाकतं हे आता हिशोबानेच दिसतं.

जिमवाला_जग्गू

बरं, हिशोब मान्य. पण प्रोटीन जास्त झालं तर बिघडतं काय? जास्तीचं बाहेर टाकेल की.

खारीचा_वाटा

तेच 'बाहेर टाकणं' फुकट होत नाही. प्रथिनात नायट्रोजन असतो. गरजेपेक्षा जास्त प्रथिन आलं की यकृत त्याचा नायट्रोजन काढून युरिया बनवतं आणि मूत्रपिंडं तो पाण्याबरोबर बाहेर काढतात. यात ऊर्जाही जाते आणि पाणीही. गोठलेल्या समुद्रावर राहणाऱ्या प्राण्याला पाणी म्हणजे बर्फ, आणि पोटात गेलेला बर्फ वितळवायला स्वतःच्या अंगातली उष्णता खर्च होते. चरबी जाळली तर उलट पाणीच तयार होतं आणि नायट्रोजनचा कचरा शून्य.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लोक म्हणतील प्रथिन म्हणजे विष. अगदी कमी प्रथिनही वाईट. अस्वलांना नुसत्या फळांवर ठेवलं तर प्रथिन इतकं कमी पडतं की नुसतं वजन टिकवायलाही जास्त ऊर्जा खर्च होते. म्हणून बेरींचा हंगाम ऐन भरात असतानाही जंगलातलं अस्वल मधूनच मुंग्या खातं, मेलेलं जनावर खातं. वजनवाढीचा आलेख मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असा येतो.

मी काही वर्षं पशुवैद्यक म्हणून बंदिस्त प्राण्यांच्या आहारावर काम केलंय. संस्थेचं नाव विचारू नका.

अनाकलनीय

नाव नको, किस्से चालतील.

खारीचा_वाटा

किस्सा एकच, आणि तो धाग्याच्या प्रश्नाशी निगडित आहे म्हणून. आहाराच्या तक्त्यात अस्वल 'मोठे मांसाहारी' या रकान्यात होतं. वाघाच्या खाली. मी म्हटलं याला मांस कमी करून चरबी द्या, तर वरून उत्तर आलं, 'आधीच लठ्ठ आहे, अजून चरबी?' तिथे जो गोंधळ होता तो खूप ठिकाणी असतो. *किती* कॅलरी द्यायच्या हा एक प्रश्न आणि त्या *कशातून* द्यायच्या हा दुसरा. लठ्ठ अस्वलाचं एकूण खाणं कमी करा, जरूर करा. पण कमी केलेल्या खाण्यातही प्रथिन-चरबीचं प्रमाण तेच राखता येतं. आपण करतो काय, तर चरबी काढून टाकतो आणि मांस तेवढंच ठेवतो. म्हणजे प्रमाण आणखी बिघडलं.

शंकासुर

इथवर सगळं छान जुळतंय, म्हणूनच शंका येते. अस्वलं *निवडतात* म्हणून ते *योग्य* कसं? मुलांसमोर सुट्या गोळ्या-चॉकलेटं ठेवा, तीही 'निवडतील'.

सागरगोटा

शंका रास्त आहे. म्हणूनच नुसती निवड पाहून संशोधक थांबले नाहीत. ठरावीक प्रमाणाचं खाणं देऊन वजनवाढ मोजली, तर सगळ्यात चांगली वाढ जिथे दिसली तिथेच निवडही होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला.

शिवाय जंगलातला पुरावा. अलास्कातल्या कोडिअॅक बेटावर तपकिरी अस्वलं ओढ्यांत सॅमन मारायला गर्दी करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे लाल एल्डरबेरी साधारण सॅमनचा हंगाम ओसरल्यावर पिकते. २०१४ साल जास्त उबदार गेलं, बेरी लवकर पिकल्या आणि ऐन सॅमनच्या भरात आल्या. अस्वलांनी काय केलं? ओढ्यात मासे खच्चून भरलेले असताना ती डोंगरउतारावर बेरी खायला गेली! या बेरीत प्रथिनाचं प्रमाण इतर बऱ्याच बेरींपेक्षा जास्त, म्हणजे अस्वलाच्या आदर्श प्रमाणाच्या जवळ जाणारं. सॅमनमध्ये मात्र ते फारच जास्त. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोळ्या-चॉकलेटांसाठी कोणी हातातला मासा सोडून डोंगर चढत नाही.

शंकासुर

मुलं चढतील हो. पण मुद्दा पोचला.

मृद्गंधा

पण सॅमन तर चरबीवाला मासा ना? त्याचं तेल प्रसिद्ध आहे.

दूरबीण

समुद्रातला चरबीवाला. अंडी घालायला नदीत शिरला की तो खाणं बंद करतो आणि वर चढताना स्वतःची चरबी जाळत जातो. वरच्या ओढ्यात पोचतो तेव्हा बऱ्यापैकी रोडावलेला असतो. म्हणून मासे भरपूर असले की अस्वलं अख्खा मासा खात नाहीत. मादी असेल तर अंड्यांची गाबोळी, मेंदू, कातडी, म्हणजे जिथे चरबी आणि ऊर्जा आहे तेवढंच खाऊन उरलेला मासा काठावर फेकतात. मासे कमी असले की मुकाट सगळा खातात.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूची गोष्ट तर अजून भारी आहे. तिथे ग्रिझ्ली उन्हाळ्यात उंच डोंगरावरच्या दगडांच्या राशी उलथतात. कशासाठी? खाली लपलेल्या पतंगांसाठी. आर्मी कटवर्म नावाचे हे पतंग मैदानातून वर येतात, रात्री फुलांतला मध पितात आणि दिवसा दगडाखाली झोपतात. उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्या अंगात निम्म्याहून जास्त चरबी असते. एक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत पतंग खाऊ शकतं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेवढं मोठं धूड, आणि खातंय पतंग!

तिथलंच दुसरं खाणं म्हणजे व्हाइटबार्क पाइनच्या बिया. त्याही तेलकट. अस्वल स्वतः झाडावर चढण्याचे कष्टही घेत नाही, खारींनी साठवलेले शंकू उकरून खातं.

अनाकलनीय

@खारीचा_वाटा, तुमच्या वाट्यावर डल्ला मारला जातोय बघा.

खारीचा_वाटा

नेहमीचंच आहे ते.

जिमवाला_जग्गू

अवांतर: हिवाळाभर झोपून, काही न खाता अस्वलाचे स्नायू कसे टिकतात? आम्ही दोन आठवडे जिम चुकवली तर दंड ओघळतात.

सागरगोटा

अवांतर नाही, अगदी विषयाला धरून आहे. शीतनिद्रेत अस्वल खात नाही, पीत नाही, लघवी-शी करत नाही. सगळी ऊर्जा साठवलेल्या चरबीतून येते. जो थोडा युरिया तयार होतो तो आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनं बनवायला वापरला जातो. आपलं रक्त इतके दिवस युरियाने भरलं तर आपण मरू. अस्वल वसंतात उठून चालू लागतं. वजन कमी झालेलं असतं, नराचं साधारण १५ ते ३० टक्के, पिल्लांना पाजणाऱ्या मादीचं त्याहून जास्त, पण गेलेलं वजन मुख्यतः चरबीचं.

गंमत म्हणजे त्या काळात ती इन्शुलिनला दाद देत नाहीत, म्हणजे माणसाच्या मापाने मधुमेहीच. आणि वसंतात पुन्हा पूर्ववत. पुलमनच्या त्याच केंद्रात यावरही काम झालंय.

मृद्गंधा

म्हणजे शरद ऋतूत चरबी साठवणं हे अस्वलासाठी आजारपण नाही, तयारी आहे. अलास्कातल्या कॅटमाय राष्ट्रीय उद्यानाची 'फॅट बेअर वीक' स्पर्धा मी दरवर्षी बघते, २०१४ पासून चालू आहे. सगळ्यात गोलमटोल अस्वलाला लोक मतं देतात. ७४७ क्रमांकाच्या नराने २०२० आणि २०२२ मध्ये जिंकली, क्रमांक जंबो विमानाचा आणि देहही तसाच. निवडणूक असावी तर अशी. सगळे उमेदवार उघडपणे खातात.

अनाकलनीय

आणि खाल्लेलं लपवत नाहीत.

(राजकारण नको, संपादक मंडळ येईल.)

दूरबीण

सगळे बर्फाळ प्रदेशातच फिरताहेत. आपल्याकडच्या अस्वलाकडेही वळू. इंग्रजीत ज्याला स्लॉथ बेअर म्हणतात ते. हे शीतनिद्रा घेत नाही, फक्त मादी विण्याच्या वेळी गुहेत काही आठवडे उपाशी राहते. मुख्य खाणं वाळवी आणि मुंग्या. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात, ओठ पुढे काढता येतात, नाकपुड्या मिटता येतात. वारूळ पंजांनी फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि नळीने ओढल्यासारखी वाळवी आत घ्यायची. तो फुर्र-फुर्र आवाज लांबून ऐकू येतो. हंगामात मोहाची फुलं, जांभळं, बोरं, टेंभुर्णी, उंबर, बहाव्याच्या शेंगा. शिवाय मधाची पोळी.

प्राणिसंग्रहालयात आणि बचाव केंद्रांत याला लापशी, फळं, मध असं बरंच काही मिळतं. नाचवण्याच्या धंद्यातून सोडवलेल्या अस्वलांचे सुळे काढलेले असायचे, त्यामुळे मऊ खाणं देणं भागच होतं. भारतातलं शेवटचं ज्ञात नाचवलं जाणारं अस्वल २००९ मध्ये सोडवलं गेलं.

आता प्रश्न: या अस्वलाला चरबी हवी की गोड?

सागरगोटा

दूरबीण, याचंच उत्तर २०२२ मध्ये रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी दिलंय. अमेरिकेतल्या तीन प्राणिसंग्रहालयांत या अस्वलांपुढे अॅव्होकॅडो, भाजलेली याम नावाची रताळी, व्हे (दुधातलं प्रथिन) आणि सफरचंदं ठेवली, हवी तेवढी. अस्वलांनी जवळजवळ सगळा मोर्चा अॅव्होकॅडोकडे वळवला. सुमारे ८८ टक्के अॅव्होकॅडो, १२ टक्के रताळी. सफरचंदाला तोंडही लावलं नाही.

आणि या जातीच्या अस्वलांचं तिथल्या बंदिवासातलं सरासरी आयुष्य १७ वर्षांच्या आसपास आहे, शक्य असलेल्या कमाल आयुष्यापेक्षा जवळजवळ २० वर्षांनी कमी. सगळ्यात जास्त आढळलेलं मृत्यूचं कारण यकृताचा कर्करोग. तिथल्या ध्रुवीय अस्वलांचंही तसंच, जगायला हवीत त्यापेक्षा साधारण १० वर्षं आधी मरतात आणि कारण बहुतेकदा मूत्रपिंड किंवा यकृत.

शंकासुर

आता मला दोन हरकती घ्यायच्या आहेत.

पहिली, गणित्यांच्याच पद्धतीने. अॅव्होकॅडोच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिन २ ग्रॅम, ऊर्जा १६० च्या आसपास. म्हणजे प्रथिन फक्त ५ टक्के. मग १७ चा आकडा कुठे गेला? समोर प्रथिन ठेवलेलं असूनही अस्वलांनी तो गाठला नाही.

दुसरी. आयुष्य कमी आणि यकृताचे आजार, याला आहारच कारण कशावरून? पिंजरा, ताण, हालचाल नाही, प्रकाशाचं चक्र वेगळं. दहा कारणं असतील. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

आणि जाता जाता तिसरी. पांडा. २०१९ मध्ये करंट बायॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार रानातले पांडा बांबूतून जी ऊर्जा मिळवतात त्यातली सुमारे निम्मी प्रथिनांची असते. म्हणजे पोषणाच्या हिशोबात ते मांसाहारीच. पांडाही अस्वलच ना? मग 'सगळी अस्वलं कमी प्रथिनवाली' हा सिद्धांत कसा टिकतो?

गणित्या

आपल्याच काठीने मारलंत. गणित बरोबर आहे.

सागरगोटा

एकेक घेतो.

१७ हा ग्रिझ्लीवरून आलेला आकडा आहे, आठही जातींवर कोरलेला नाही. या अस्वलाने आणखी कमी प्रथिन निवडलं. शिवाय समोर चारच पदार्थ होते आणि त्यातलं व्हे त्याच्या ओळखीचं अन्न नव्हे. वाळवी समोर ठेवली असती तर आकडा वेगळा आला असता, असं मला वाटतं. पण दिशा एकच: चरबीकडे ओढ, प्रथिनाची हाव नाही.

पांडाबाबत दोन गट आहेत खरे. २०१९ चा अभ्यास रानातल्या पांडांचा, ते हंगामानुसार कोवळे कोंब आणि पानं निवडत फिरतात. २०२२ च्या अभ्यासात प्राणिसंग्रहालयातल्या पांडांनी प्रथिन जास्त असलेल्या पानांपेक्षा कर्बोदकं जास्त असलेला बांबूचा दांडा पसंत केला. मार्चमध्ये तर ९८ टक्के खाणं दांड्याचंच. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण तिथे निवड प्रत्यक्ष मोजली आहे. पण वाद मिटलेला नाही. पांडाच्या चवीच्या जनुकांपैकी मांसाची चव ओळखणारं एक निकामी झालंय हे २०१० च्या जनुकीय अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे 'पोटातून मांसाहारी' असलाच तर तो जिभेला न सांगता झालेला आहे.

खारीचा_वाटा

दुसऱ्या हरकतीवर मी लिहिते. शंकासुर, तुम्ही म्हणता ते शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. मृत्यूच्या नोंदींवरून एकच एक कारण सिद्ध होत नाही. पण आजार नेमके कुठे होतात बघा: यकृत आणि मूत्रपिंड. जास्तीच्या प्रथिनाची विल्हेवाट लावणारे तेच दोन अवयव. ताणामुळे सगळं झालं असतं तर हा नेमकेपणा का? शिवाय प्रमाण सुधारण्यात अस्वलाचं नुकसान काहीच नाही. पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबायचं आणि तोवर वाघाच्या रकान्यातून वाढायचं, याला माझा विरोध आहे.

शंकासुर

हा युक्तिवाद मला 'नेमकेपणा'पेक्षा जास्त पटला. यकृताचा कर्करोग आणि युरिया बनवण्याचं काम यांत सरळ रेषा कोणी काढलेली नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

मृद्गंधा

नुसत्या प्रथिनाने माणसालाही त्रास होतो ना? ध्रुवीय मोहिमांवरच्या लोकांबद्दल वाचलं होतं.

दूरबीण

हो. नुसत्या सशाच्या मांसावर राहिलेले लोक पोटभर खाऊनही खंगतात, मळमळ, जुलाब, अशक्तपणा. सशात चरबी जवळजवळ नसतेच. स्टेफानसन नावाचा आर्क्टिक संशोधक होता, इनुइट लोकांबरोबर राहिलेला. त्याने १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली नुसतं मांस खाण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला त्याला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं तर तो आजारी पडला. चरबीवालं मांस सुरू केल्यावर बरा झाला आणि पुढे वर्षभर मांसावरच राहिला.

जिमवाला_जग्गू

माझा चिकन ब्रेस्टचा डबा परत बॅगेत ठेवला.

अनाकलनीय

ध्रुवीय अस्वलासमोर ठेवलात तर तेही परतच करेल.

निमूट

धागा अपेक्षेपेक्षा फारच चांगला चाललाय. एक उपप्रश्न. समुद्रावरचं बर्फ कमी होतंय, मग ध्रुवीय अस्वलं जमिनीवर येऊन बेरी, पक्ष्यांची अंडी खाऊन जगतील असं काही जण म्हणतात. ग्रिझ्ली जगते तशी. प्रमाणाच्या दृष्टीने बेरी आणि अंडी वाईट नाहीत ना?

सागरगोटा

प्रमाण जमलं तरी एकूण ऊर्जा पुरायला हवी. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर २० ध्रुवीय अस्वलांना उन्हाळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे लावून पाहिलं, अभ्यास २०२४ मध्ये आला. काही नुसती पडून राहिली, काहींनी बेरी, गवत, पक्षी खाल्ले, काही पोहत लांब गेली. २० पैकी १९ चं वजन घटलं, सरासरी दिवसाला एक किलोच्या आसपास. खाणाऱ्यांचंही घटलं, कारण शोधण्यात जितकं मिळालं तितकंच खर्च झालं. देह जितका मोठा तितकं टिपून टिपून पोट भरणं कठीण. सीलची चरबी एका ठिकाणी किलोकिलोने मिळते. पिल्लंही त्यावरच वाढतात, मादीच्या दुधातच ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते.

दूरबीण

पूरक माहिती: माणसाचं खाणं मिळालं तरी भलं होत नाही. कोलोरॅडोतल्या काळ्या अस्वलांवर २०१९ मध्ये अभ्यास आला होता. माणसांचं अन्न जास्त खाणारी अस्वलं कमी काळ शीतनिद्रा घेत होती आणि त्यांच्या पेशी लवकर म्हाताऱ्या होण्याच्या खुणा दिसत होत्या.

गणित्या

मग मूळ प्रश्नाकडे वळूया का? @खारीचा_वाटा, तुमच्या हातात तक्ता दिला तर काय लिहाल?

खारीचा_वाटा

आधी रकाना बदलेन.

ध्रुवीय अस्वलाला बिनचरबीच्या मांसाचा वाटा कमी, चरबी आणि तेलकट मासे जास्त. इथे एक खाच आहे जी उत्साहात विसरली जाते. माशाच्या चरबीत असंतृप्त मेदाम्लं खूप, ती शरीरात खवट होऊ नयेत म्हणून ई जीवनसत्त्व वाढवावं लागतं. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नासवणारं विकर असतं आणि साठवणीत बी-१ आणखी कमी होतं, तेही वरून द्यावं लागतं. नुसतं 'मासे वाढवा' म्हणून चालत नाही. चरबी ताजी हवी, वास मारणारी नको. तसल्या चरबीपेक्षा मांस परवडलं.

तपकिरी अस्वलाला वर्षभर एकच तक्ता नको. वसंतात हिरवा चारा आणि थोडं मांस, शरदात भरपूर ऊर्जा, हिवाळ्यात भूक मरते तेव्हा जबरदस्ती नाही. अनेकांना घाबरायला होतं, अस्वल खात नाहीये म्हणून. त्याच्या अंगातलं कॅलेंडर बरोबर चालू असतं.

आपल्याकडच्या अस्वलाला गोड फळं आणि मध कमी. बागेतली फळं रानफळांपेक्षा कितीतरी गोड असतात, दातही किडतात. तेलबिया, अॅव्होकॅडोसारखं तेलकट फळ आणि जमेल तिथे किडे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी करू शकले नाही ते: रोज निदान दोन-तीन पदार्थ सुटे ठेवा आणि काय उरतं ते लिहून ठेवा. सगळं एकत्र कालवून दिलं की अस्वलाची निवडच संपते.

शंकासुर

सुटे पदार्थ ठेवले की एकच अस्वल सगळी चरबी खाऊन बसेल आणि दुसऱ्याला मांस उरेल. एका पिंजऱ्यात दोन-तीन असतात.

खारीचा_वाटा

खाण्याच्या वेळी वेगळी करावी लागतात. दारं असतात, माणसं कमी असतात. अडतं तिथेच.

निमूट

आणि म्हातारं अस्वल, ज्याची मूत्रपिंडं आधीच बिघडली आहेत? त्याला आता बदलून उपयोग आहे का?

खारीचा_वाटा

बिघडलेलं भरून येत नाही. पण कुठल्याही प्राण्याची मूत्रपिंडं थकली की प्रथिनाचा भार कमी करणं हा उपचाराचाच भाग असतो. अस्वलाच्या बाबतीत सोय एवढीच की त्याला तेच हवं असतं. बदल मात्र हळूहळू, काही आठवडे घेऊन. एकदम चरबी वाढवली तर जुलाब होतात आणि मग 'बघा, सांगितलं होतं ना' म्हणणारे तयारच असतात.

जिमवाला_जग्गू

वाचनखूण साठवली. खारीताई, दात किडण्यावर वेगळा धागा काढाल का?